एकसष्ट धवळ्यांची चोरी

१

रंगूबाई म्हात्रे यांचे एकसष्ट धवळे चोरीला गेल्याचं उघडकीला आलं ते मंगळवारी सकाळी, भरल्या घरात, नाश्त्याच्या वेळी.

शीळफाट्याहून खाडीकडे, खाजणाच्या म्हणजे खाऱ्या जमिनीच्या बाजूला वळलं की म्हात्र्यांचं गाव लागतं. एकेकाळी मिठागरात राबलेलं, आता जमिनींना भाव आल्यावर चार मजली बंगल्यात राहणारं हे घर. कल्पिता या घरची मुलगी. सोळा दिवसांपूर्वी तिचं लग्न होऊन ती कल्याणला गेली होती. लग्नानंतर पहिल्यांदाच माहेरी आली आणि हातपाय धुऊन थेट आत्याजवळ जाऊन बसली. रंगूबाई म्हणजे तिच्या वडिलांची थोरली बहीण. पंचक्रोशीत लग्न असलं की मांडवात बसून विधीची गाणी म्हणायची ती रंगूबाईंनी. त्या गाण्यांना धवळे म्हणतात आणि म्हणणारीला धवळारीण. चाळीस वर्षांत रंगूबाईंशिवाय त्या गावातली एक हळद लागली नव्हती.

कल्पिताने फोन काढला, म्हणाली, आत्या, ऐक, सगळे वाचून दाखवते. आणि फोनवरचं पान कोरं होतं. एक ओळ नाही, एक अक्षर नाही. तीन आठवडे आत्याच्या पायाशी बसून तिने त्यात टिपून घेतलेले धवळे कुठेच नव्हते.

"पुन्हा सांगून घ्या की," मी फोनवर सहज म्हणालो. कल्पिताचा भाऊ सुदेश हा माझा कॉलेजातला मित्र. त्यानेच मला फोन केला होता. तो म्हणाला, "आत्याचं ऑपरेशन झालं रे. घशातलं काढलं सगळं. आवाज नाय आता तिला. कधीच येनार नाय."

 लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईचा आवाज गेलेला, आणि तिच्याजवळचं सगळं जिथे उतरवून ठेवलं ते पान कोरं.

"चोरी हाय ही," सुदेश म्हणाला. "आनि मी त्याला सोडनार नाय."

२

मी सुश्रुत चौबळ. घोडबंदर रोडवरच्या एका ऑफिसात वेबसाइटी बनवतो आणि त्या बाबतीत स्वतःला बरंच काही समजतो. त्यामुळे सुदेशला म्हणालो, काळजी करू नकोस, अर्ध्या तासात शोधून देतो. माझ्याबरोबर सुमतीमावशी आली ती केवळ त्या दिवशी सकाळी मी तिच्याकडे चहाला होतो म्हणून.

मावशी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. एकतीस वर्षं ठाण्यात तक्रारींच्या टेबलावर बसली. फोन बंद आहे म्हणून माणसं तावातावाने यायची आणि ही शांतपणे विचारायची, "काय झालं ते सांगू नका. काय दिसलं, काय ऐकू आलं तेवढं सांगा." तिचं म्हणणं, तक्रार करणारा माणूस आधी निदान करून येतो आणि निदान नव्वद टक्के चुकीचं असतं. संगणकातलं तिला ओ की ठो कळत नाही. मी गाडीत तिला समजावायला लागलो आणि तिने ऐकूनही घेतलं, यातच मी खूश होतो.

म्हात्र्यांच्या दिवाणखान्यात रंगूबाई झोपाळ्यावर बसल्या होत्या. गळ्याला पांढरी पट्टी, अंगावर हिरवं लुगडं. वय पासष्टच्या पुढे, पण पाठ ताठ. मावशीला पाहताच त्यांनी बाजूला सरकून जागा दिली. मावशी बसली, आणि मी सुदेशला विचारलं तेच जे कुणीही विचारेल. आत्याचा आवाज भरून का नाही ठेवला? मोबाइल तर घरात सहा होते.

सुदेश म्हणाला, आत्या भरू द्यायची नाही. धवळा मांडवात म्हणायचा आणि मांडवातच सोडायचा, तो डब्यात कोंडायचा नाही, असं तिला तिच्या गुरूने सांगितलेलं. शूटिंगवाल्यांनाही ती आधी माइक बंद करायला लावायची. लिहिलेलं चालेल, कारण लिहिलेल्याला आवाज नसतो. कल्पिताच्या लग्नात तर घसा पार बसला होता, नुसती मांडवात बसून राहिली. त्याआधीचे तीन आठवडे ती कुजबुजत सांगत होती आणि कल्पिता फोनवर उतरवून घेत होती.

ती लिहीत होती ती एका वेबसाइटवर. गावोगावची लग्नाची गाणी जमवायला काही मंडळींनी ती बनवली होती. तिथे लिहिलेलं आधी कच्चं राहतं. 'पक्कं करा' असं बटण दाबलं की मगच ते कायमच्या संग्रहात जातं. मी विचारलं, रोजच्या रोज पक्कं का नाही केलं? त्यावर सुदेशने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी देवळात चप्पल घालून गेलो असेन.

"धवळा मधीच मोडत नाय," तो म्हणाला. मांडव उभा राहण्यापासून मुलगी वाटेला लागेपर्यंत सगळे मिळून एक. शेवटचा होईपर्यंत पुरा झाला म्हणायचं नाही. आणि शेवटचा, एकसष्टावा, अर्धा राहिला होता. आत्याला पुढे बोलवेना. सासरहून आलीस की सांगते, असं तिने कल्पिताला सांगितलं, आणि मध्येच डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख अलीकडे आणली.

मी कपाळावर हात मारला. तीन आठवड्यांचं काम, सगळंच्या सगळं कच्चं.

मावशीला मी आमच्या धंद्यातली भाषा सोपी करून सांगितली. शिंप्याकडे अर्धं शिवलेलं पोलकं असतं ना, त्याला तुझ्या नावाची चिठ्ठी लावून तो बाजूला ठेवतो. तू परत गेलीस की चिठ्ठी बघतो आणि तेच पोलकं पुढे शिवायला घेतो. वेबसाइटवर त्याला सेशन म्हणतात. कधी कधी सेशन उघडत नाही. तेव्हा काय करायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. बहुतेक जण काहीतरी चुकलं असं लिहून मोकळे होतात आणि नवं कोरं पान देतात. खरं सांगायचं तर मीही तेच करतो.

"आणि आधीचं पोलकं?" मावशीने विचारलं.

"ते जातं केरात."

रंगूबाई ऐकत होत्या. त्यांनी मावशीचा हात स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला आणि तिच्या तळव्यावर बोटांनी ठेका धरला. चेहरा शांत, ओठ हलत होते, आवाज नव्हता. असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. सगळं घर उभं राहून बघत होतं. मावशीसारखी कोरडी बाई, पण तिचे डोळे भरून आले.

बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "ही गाणी सापडली पाहिजेत, सुश्रुत. मला आता दुसरं काही सुचायचं नाही."

३

सुदेशचा संशय हर्षितवर होता. हर्षित म्हणजे ती वेबसाइट सांभाळणारा मुलगा. राहणार डोंबिवलीचा, ऑफिस माझ्याच शेजारच्या इमारतीत. सुदेशच्या मते हर्षितने धवळे लांबवून कुठल्यातरी गाण्याच्या कंपनीला दिले होते. पोलिसात जायची त्याची तयारी होती.

आम्ही खालच्या चहाच्या टपरीवर भेटलो तेव्हा हर्षित घामाघूम झालेला होता. सुदेशने त्याला सकाळी फोन करून बरंच काही सुनावलं होतं. वेबसाइट त्याने बनवलेलीही नव्हती. हेमांगी नावाच्या बाईंनी ती बनवली, त्या सोडून गेल्यावर मे महिन्यात ती याच्या गळ्यात आली. पगार वेगळा नाही, वर शिव्या.

"मॅडम, मी सगळं चेक केलं," तो मावशीला म्हणाला. "एरर एकपण नाहीये. सेशन लोड झालं नाही, तुटलं, असं काही झालं असतं तर लाल यादीत आलं असतं ना. यादी क्लीन आहे. पण एक लफडं आहे."

त्याने लॅपटॉप आमच्याकडे वळवला. कल्पिताच्या मोबाइल नंबरावर लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वीसला कुणीतरी आत आलं होतं. त्या क्षणापासून त्या नंबरावर कोरं पान होतं. आलेल्या व्यक्तीचं नाव तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं.

निशा.

"मी सकाळपासून हेच बघतोय," हर्षित म्हणाला. "कल्पितामॅडमच्या नंबरावर ही निशा कोण?"

४

सुदेशने हे ऐकलं आणि तो उडालाच. भावकी, शेजार, करवल्या, हळदीला आलेल्या बाया, सगळ्या त्याने बोटांवर मोजल्या. "आमचे घरान निशा नावाची कोनी नाय," तो म्हणाला. "गावान पन नाय. ही नक्की सासरची कोनतरी."

म्हणून दुपारी आम्ही कल्याण गाठलं. सुदेशला मावशीने मुद्दाम घरी ठेवलं. त्याच्या रागाला काही भरवसा नव्हता. कल्पिता सकाळीच रडत सासरी परत आली होती.

भोईरांचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दाराला अजून लग्नाचं तोरण. नील, कल्पिताचा नवरा, सुट्टी काढून घरी थांबला होता. सरळ मुलगा वाटला. बायकोच्या खुर्चीमागे उभा होता आणि दर दोन मिनिटांनी "अगं, पाणी पी" म्हणत होता. सासूबाईंनी "सूनबाई, पाहुण्यांना पोहे दे" म्हटलं आणि मग "राहू दे, तू बस" म्हणून स्वतःच उठल्या. आतून धाकट्या नणंदेने "वहिनी, साखर कुठे?" विचारलं. घर प्रेमळ होतं, त्यात शंका नाही.

मावशीने कल्पिताला तिचा नेहमीचा प्रश्न विचारला. काय झालं नको, काय दिसलं ते सांग.

"पान कोरं होतं. मधे 'नवीन सुरुवात करा' असं बटण."

"आणि वर?"

"वर काही नव्हतं."

"अगदी काही नाही?"

"नाही," कल्पिता म्हणाली आणि ओढणीच्या टोकाशी चाळा करायला लागली.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन कुणाकडे होता? तिला आठवत नव्हतं. पूजा होती, पाहुणे होते, फोन टीपॉयवर पडला होता, कुणीही उचलला असेल. मग मी, माझ्या मते मोठ्या हुशारीने, एकदम विचारलं की निशा कोण.

सासूबाईंच्या हातातली बशी वाजली. नीलने कल्पिताकडे पाहिलं. कल्पिताने मात्र मान वर केली आणि माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं, "निशा नावाची कुणी नाही इथे."

इतक्या ठामपणे ती तासाभरात एकही वाक्य बोलली नव्हती.

जिना उतरताना मी म्हणालो, "ती खोटं बोलतेय, मावशी. निशा त्या घरातच आहे."

"ती खोटं बोलली," मावशी म्हणाली, "पण तू समजतोस त्या वाक्यात नाही."

५

शीळच्या रस्त्याला गाडी अडकली होती. पुढे ट्रक, मागे ट्रक. मावशीने पर्समधून आपला फोन काढला आणि मला त्या वेबसाइटवर तिचं खातं उघडून द्यायला सांगितलं. दिलं. पानाच्या अगदी वर अक्षरं आली, 'नमस्कार, सुमती'.

"प्रत्येकाला असं येतं?"

"प्रत्येकाला. जे नाव दिलंय ते."

"मग कल्पितालाही काहीतरी आलं असणार. ती म्हणाली वर काही नव्हतं. म्हणजे तिथे जे होतं ते तिला सांगायचं नव्हतं." मावशी थांबली. "आणखी एक सांग. तासभर आपण त्या घरात होतो. तिला नावाने कोणी हाक मारली?"

मी आठवून पाहिलं. अगं. सूनबाई. वहिनी. मावशीने सोडलं तर कल्पिता हे नाव त्या घरात एकदाही उच्चारलं गेलं नव्हतं.

"नव्या सुनेला सासरी आवडीने नावाने हाक मारतात," मावशी म्हणाली. "आणि इथे सगळे ते टाळत होते. माणसं नाव कधी टाळतात? जेव्हा दोन नावं असतात आणि कुठलं घेतलं तर कोण दुखावेल हे कळत नाही तेव्हा. लग्नानंतर लक्ष्मीपूजन झालं की नवरा ताटातल्या तांदळावर अंगठीने काय लिहितो?"

 नवरीचं नवं नाव. घरोघरी लिहितात. नील, म्हणून निशा. सकाळी पूजा, अकरा वीसला फोन. चोर म्हणून आम्ही जिला शोधत होतो ती बाई दुपारी आमच्यासमोर खुर्चीत बसलेली होती.

"पण मग तिने लपवलं का? आणि नाव बदललं म्हणून गाणी का जावीत?"

"पहिल्याचं उत्तर ती देईल. दुसऱ्याचं, ज्या बाईने ही वेबसाइट बनवली तिला विचारू या. हर्षितकडून त्या हेमांगीबाईंचा नंबर घे."

हेमांगीबाई आता डोंबिवलीत शिकवण्या घेतात. फोन स्पीकरवर होता. मावशीने एका दमात सगळं सांगितलं. मग त्या सावकाश बोलायला लागल्या.

त्या म्हणाल्या, वेबसाइट करण्याआधी मी दोन महिने गावांमधून हिंडले. एक फोन आणि चार बायका, असं घरोघरी पाहिलं. सासूचा फोन सून वापरते, नणंद वापरते. एकीने अर्धं लिहून ठेवलेलं दुसरीला दिसलं तर? काही गाण्यांत बायका नवऱ्याला, सासऱ्याला मनसोक्त बोललेल्या असतात. म्हणून नंबर तोच आणि नाव वेगळं आलं, तर आधीचं काम उघडायचं नाही. पण म्हणून ते फेकायचंही नाही. ते आपलं नाहीच मुळी फेकायला.

"मग करायचं काय?" मावशीने विचारलं.

"विचारायचं. समोर माणूस बसलेलं असतं ना, त्यालाच विचारायचं. मी तिथे एक प्रश्न ठेवला आहे. 'या नंबरावर कल्पिता यांचं काम अर्धं राहिलं आहे. कल्पिता तुम्हीच का?' हो म्हटलं तर उघडतं. नाही म्हटलं तर कुलूप लावून बाजूला राहतं. ते मलाही उघडता येत नाही, हर्षितलाही नाही. पुसलं मात्र कधीच जात नाही. ही चूक नव्हेच, म्हणून लाल यादीत ती येणार नाही. पुन्हा कधी ते माणूस आलं, तर पान उघडल्यावर अगदी तळाशी लिहिलेलं असतं, 'आधीचं काम माझं आहे'. तिथे बोट लावलं की प्रश्न परत येतो."

"मुदत किती दिवसांची?"

"मुदत नाही ठेवली. बाई माणूस आहे, बाळंतपणाला गेली तर वर्षभर फोन हातात यायचा नाही."

फोन बंद झाल्यावर मावशी माझ्याकडे वळली. एकतीस वर्षं मी तक्रारी ऐकल्या, ती म्हणाली, तार तुटलेली असली तरी वरून सांगायला लावायचे की लाइन ठीक आहे. आणि या बाईने, जी तिला कधी भेटणार नाही अशा कुणाच्या तरी बाळंतपणाचा विचार करून कुलूप बसवलं.  मी दहा वर्षं हेच काम करतोय. ज्यांची अर्धी कामं मी केरात टाकली ती माणसं कोण होती, काय लिहीत बसली होती, हा प्रश्नसुद्धा मला कधी पडला नव्हता. त्या ट्रकांच्या गर्दीत मला हेमांगीबाईंच्या पाया पडावंसं वाटलं, आणि ते अगदी खरं सांगतोय.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सगळे म्हात्र्यांकडे जमले. झोपाळ्यावर रंगूबाई, समोर कल्पिता आणि नील, दाराशी हाताची घडी घालून सुदेश. हर्षितही आला होता, कोपऱ्यात जीव मुठीत धरून.

मावशीने सांगितलं ते मोजक्या शब्दांत. चोर कुणी नाही. हर्षितने काही केलेलं नाही, सुदेशने त्याची माफी मागावी. निशा नावाने वेबसाइट उघडली गेली, तेव्हा त्यात एक प्रश्न विचारला गेला. त्या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर कुणीतरी दिलं. ते कोणी दिलं, हे त्या माणसाने स्वतः सांगावं.

कल्पिता झटकन म्हणाली, "मीच दिलं असेल, मावशी. लक्ष नसेल माझं."

"मी दिलं," नील म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. लग्नाआधी कल्पिताने त्याला एकच गोष्ट मागितली होती, माझं नाव बदलू नकोस. तो हो म्हणाला होता. पण पूजेला वडीलधारे बसले, ताट पुढे आलं, आणि त्याने लिहिलं निशा. लिहिल्यावर त्याला ते आवडलं. मग तिला सरप्राइज म्हणून तो तिचा फोन घेऊन बसला आणि सापडेल तिथे नाव बदलत गेला. गॅसचं, वाणसामानाचं, दहा ठिकाणी. अकराव्या ठिकाणी कुणीतरी विचारलं, कल्पिता तुम्हीच का?

"मला हसू आलं," तो म्हणाला. "म्हटलं, नाही बाबा. आता निशा. आणि दाबलं 'नाही'. तिथे काय आहे ते मला माहीतच नव्हतं."

सुदेश एक पाऊल पुढे आला. रंगूबाईंनी नुसता तळहात वर केला आणि तो जागच्या जागी थांबला.

कल्पिता रडत नव्हती. ती म्हणाली, काल पान उघडल्यावर वर निशा दिसलं तेव्हाच तिला कळलं की यात नीलचा हात आहे. सांगितलं असतं तर सोळा दिवसांच्या संसारात दादाने त्याची गचांडी धरली असती. आत्याची गाणी ज्याच्यामुळे गेली तो आपला नवरा, हे तिला आत्यासमोर बोलवेना. म्हणून ती मूग गिळून बसली.

मावशीने तिला पानाच्या तळाशी जायला सांगितलं आणि तिने फोन उघडला. पान कोरंच होतं. ती अंगठ्याने खाली खाली सरकवत गेली. अगदी तळाला बारीक अक्षरांत ती ओळ होती. तिने बोट लावलं आणि प्रश्न समोर आला.  मी वेबसाइटींचे कितीतरी पडदे रंगवले आहेत, पण एका पडद्यावरच्या 'हो' आणि 'नाही' या दोन शब्दांकडे घरभर माणसं अशी बघताना मी कधी पाहिली नव्हती.

कल्पिताने फोन नीलपुढे धरला. "तू दाब," ती म्हणाली. "तूच सांग, मी कोण ते."

नीलने 'हो' दाबलं.

पडद्यावर आधी एक ओळ आली, 'या, कल्पिता. तुम्ही इथे थांबला होतात.' आणि मग धवळे आले. पहिला, दुसरा, सातवा, एकविसावा. मांडवाचे, हळदीचे, पाणी आणायचे, व्याह्यांना चिडवायचे. सरकवावं तितके येतच होते. जिथे तिने बोट उचललं होतं तिथपर्यंत, एकही काना-मात्रा न हरवता. शेवटी एकसष्टावा होता, मुलीला वाटेला लावायचा, आणि तो अर्ध्या ओळीवर थांबला होता.

सुदेशने भिंतीला हात लावून डोळे पुसले. हर्षित आपल्याच वेबसाइटकडे पहिल्यांदा पाहिल्यासारखा बघत होता. मावशीने मला हळूच विचारलं, "हे सगळं इतके दिवस तिथेच होतं?" मी होकारार्थी मान हलवली. 

कल्पिता आत्याच्या पायाशी बसली आणि शेवटचा धवळा मोठ्याने वाचायला लागली.

"खाजनाचे बांधाव वारा उभा ऱ्हेला,
नवरीचे वाटंला हळद सांडीत आला,
वाऱ्या, तू मांघारी..."

तिथे ती थांबली. पुढे काही लिहिलेलं नव्हतं. रंगूबाईंनी तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि ओठ हलवले. सावकाश, एकेक शब्द सुटा करून. कल्पिता त्या ओठांकडे टक लावून बघत होती. पहिल्यांदा तिला कळलं नाही. रंगूबाईंनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्या वेळी कल्पिताचे ओठ त्यांच्या ओठांबरोबर हलले, मग तिचा आवाज निघाला, आधी घाबरत आणि मग गाण्यात.

"वाऱ्या, तू मांघारी जा, घरी सांग आईला,
मी नावानं आले व्हते, नावानं जेले."

जेले म्हणजे गेले. ती दोन्ही ओळी गाऊनच बोलली. ते तिच्याही लक्षात उशिराने आलं. तिने ओळी लिहिल्या, रंगूबाईंकडे पाहिलं, त्यांनी मान डोलावली, आणि तिने 'पक्कं करा' दाबलं.

मांडवात धवळा पुरा झाला की घरधनीण पहिला नारळ धवळारणीच्या पदरात घालते. चाळीस वर्षं तो मान रंगूबाईंचा होता. त्या झोपाळ्यावरून उठल्या, देवघरात गेल्या, नारळ घेऊन आल्या. आम्हाला वाटलं देवापुढे फोडणार. त्यांनी कल्पिताची ओढणी दोन्ही हातांनी पसरायला लावली आणि तो त्या ओढणीत ठेवला.